मक्याला युरिया किती? तिसऱ्या पोत्याचा हिशेब मांडून पाहा



मक्याच्या वावराशेजारून जाणारा माणूस दोनच गोष्टी पाहतो. ताटाची उंची आणि पानाचा रंग. पान काळेभोर दिसले की "यंदा पीक झ्याक आहे" म्हणून तो पुढे जातो, आणि मालकाची छाती फुगते. पण त्या काळ्या रंगासाठी किती पोती ओतली आणि मळणीनंतर त्यातले किती रुपये घरात परत आले, हे बांधावरून दिसत नाही. ते वहीत दिसते. आणि अशी वही ठेवणारी घरे गावात बोटावर मोजण्याइतकी असतात.

"शेजाऱ्यानं तीन टाकली ना, मग आपण चार टाकू." आपल्याकडे खताचे माप बहुधा असे ठरते. 'अति तेथे माती' ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. पण अति नेमके कुठे सुरू होते, ते म्हण सांगत नाही. ते शोधायला थोडे गणित लागते. गणित म्हटल्यावर पान उलटू नका. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार येणाऱ्या कुणालाही हा हिशेब जमेल. नाहीच जमला तर घरातल्या दहावीच्या पोराला शेजारी बसवा. त्याच्या पुस्तकात जे वर्गसमीकरण आहे, तेच आज आपण मक्यात नेणार आहोत.

पोते वाढते, उतारा किती वाढतो?

एक एकर बागायती मका घेऊ. बियाणे, पाणी, स्फुरद, पालाश सगळे सारखे. बदल फक्त युरियाच्या पोत्यांचा. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत; तुमच्या रानाचे आकडे वेगळे निघतील आणि ते कसे काढायचे हेही खाली दिले आहे.

युरिया नाही : १० क्विंटल
१ पोते : १४ क्विंटल
२ पोती : १६ क्विंटल
३ पोती : १६ क्विंटल
४ पोती : १४ क्विंटल

आता एकूण उतारा बाजूला ठेवा आणि प्रत्येक पोत्याने काय दिले ते पाहा. पहिल्या पोत्याने चार क्विंटल दिले. दुसऱ्याने दोन. तिसऱ्याने काहीच नाही. चौथ्याने तर दोन क्विंटल उलटे खाल्ले. म्हणजे प्रत्येक पोते आधीच्या पोत्यापेक्षा दोन क्विंटलने कमी कामाचे. ज्या मालाची वाढ अशी सारख्या पायरीने घटत जाते, त्याचे चित्र कागदावर काढले तर कमान तयार होते. चढ, माथा आणि उतार. पुस्तकात तिला अन्वस्त म्हणतात. आपण तिला कमानच म्हणू.

ही कमान एका ओळीत अशी लिहिता येते :

उतारा = १० + (५ × पोती) − (पोती × पोती)

करून पाहा. दोन पोती घातली तर १० अधिक १० वजा ४, म्हणजे १६. तीन घातली तर १० अधिक १५ वजा ९, म्हणजे पुन्हा १६. माथा या दोहोंच्या बरोबर मध्ये, अडीच पोत्यांवर आहे. तिथे उतारा सव्वासोळा क्विंटल. त्यापुढे टाकलेला प्रत्येक दाणा युरिया उतारा खाली ओढतो.

उतार येतो कशामुळे? नत्र जादा झाले की ताट माजते, खोड लुसलुशीत होते, वारा-पावसात पीक लोळते, किडींना कोवळे खाद्य मिळते. काही रानांत उतारा लगेच घसरत नाही, माथ्यावर सपाट राहतो, हेही खरे. पण तिथेही जादा पोत्याचे पैसे गेलेच. आणि न शोषलेले नत्र कुठे नाहीसे होत नाही. त्यातले काही हवेत उडते, काही पाण्याबरोबर नायट्रेटच्या रूपाने खाली झिरपून आपल्याच विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते, कारण तान्ह्या बाळांना ते घातक ठरते. गावची पाणी योजना पाहणाऱ्यांनी हा धागा ध्यानात ठेवावा.

सर्वांत जास्त उतारा म्हणजे सर्वांत जास्त नफा नव्हे

आता पैशाकडे येऊ. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले आहे आणि त्याची किंमत २६६ रुपये ५० पैसे आहे. पण रानात पडेपर्यंत त्याला वाहतूक आणि टाकण्याची मजुरीही लागते. सगळे मिळून पोत्याला ४०० रुपये धरू.

मक्याचा भाव क्विंटलला २,००० रुपये धरू. पण हे २,००० तुमच्या हातात येत नाहीत. क्विंटलभर जादा मका पिकला तर तो तोडायला, मळायला, बारदान्यात भरायला, बाजारात न्यायला, हमाली-तोलाई द्यायला खर्च येतोच. त्याचे ४०० रुपये वजा करा. राहिले १,६००. हिशेबात हाच आकडा घ्यायचा. बाजाराचा भाव घेणारे इथेच फसतात.

आता क्विंटल गुणिले १,६०० वजा पोती गुणिले ४००, असा हिशेब करू. नांगरट, बियाणे, पाणी हा खर्च सगळीकडे सारखाच असल्याने तुलनेसाठी तो बाजूला ठेवला आहे.

युरिया नाही : १६,००० रुपये
१ पोते : २२,००० रुपये
२ पोती : २४,८०० रुपये
३ पोती : २४,४०० रुपये
४ पोती : २०,८०० रुपये

बघा, दोन आणि तीन पोत्यांचा मका काट्यावर सारखाच भरला, पण खिशात मात्र ४०० रुपयांचा फरक पडला. नफ्याचीही कमानच झाली; फक्त तिचा माथा उताऱ्याच्या माथ्यापेक्षा थोडा अलीकडे सरकला. तो नेमका कुठे आहे, ते काढायची रीत अशी :

पहिली पायरी : पोत्याच्या खर्चाला क्विंटलच्या निव्वळ भावाने भागा. ४०० भागिले १,६०० म्हणजे ०.२५. याचा अर्थ, पोत्याचे पैसे फिटायला पाव क्विंटल मका लागतो.

दुसरी पायरी : उताऱ्याच्या सूत्रातल्या ५ मधून हा आकडा वजा करा. राहिले ४.७५.

तिसरी पायरी : दोनाने भागा. आले २.३७५, म्हणजे दोन पोती आणि वर सुमारे सतरा किलो.

इथे नफा निघतो २५,०२५ रुपये. यापेक्षा जास्त नफा या रानात, या भावाला, युरियाच्या कुठल्याही मात्रेने निघणार नाही.

आता हा आकडा शिफारशीशी ताडून पाहा. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्क्यांप्रमाणे २०.७ किलो नत्र असते. २.३७५ पोत्यांत ४९ किलो, म्हणजे हेक्टरी साधारण १२३ किलो. मक्याला आपल्याकडे सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची आहे. शिफारशीचा आकडा कुणी टेबलावर बसून हवेतून काढलेला नसतो. तो अशाच कमानी मांडून काढलेला असतो.

चूक दुप्पट, तोटा चौपट

या कमानीचा एक गुण फार उपयोगाचा आहे. माथ्याजवळ ती जवळजवळ सपाट असते. अडीच पोती टाकली तर नफा २५,००० रुपये, म्हणजे फक्त २५ रुपये कमी. तेव्हा चार-सहा किलोंसाठी जीव काढू नका. पण जसजसे दूर जाल तसा तोटा वर्गाने वाढतो. चूक दुप्पट झाली की तोटा चौपट, तिप्पट झाली की नऊपट.

चार पोती टाकणाऱ्याचा तोटा मोजू. माथ्यावरचे २५,०२५ वजा २०,८००, म्हणजे एकरी ४,२२५ रुपये. यात जादा युरियाचे पैसे फक्त ६५० आहेत. उरलेले ३,५७५ रुपये घटलेल्या मक्याचे. "स्वस्तच तर आहे, पडू दे एक जादा" असे म्हणणाऱ्याला पोत्याची किंमत दिसते, गेलेला मका दिसत नाही. पाच एकरवाल्याच्या घरातून असे २१ हजार रुपये जातात, आणि कुठे गेले ते कळतही नाही.

उलटी बाजूही सांगितली पाहिजे. एकच पोते टाकून गप्प बसणाराही माथ्यापासून लांबच आहे. त्याचा तोटा ३,०२५ रुपये. काटकसर आणि उधळपट्टी, दोघींनाही ही कमान एकाच मापाने मोजते.

भाव बदलला तर?

मक्याचा भाव पडला आणि निव्वळ १,००० रुपयेच हाती आले, तर ४०० भागिले १,००० म्हणजे ०.४. पाचातून वजा करून दोनाने भागले की २.३ पोती. भाव एवढा कोसळूनही मात्रा जेमतेम साडेतीन किलोने कमी झाली. युरियाला मोठे सरकारी अनुदान असल्याने तो मक्याच्या मानाने फार स्वस्त पडतो, म्हणून असे होते. युरियाच्या बाबतीत खरा धोका माथा ओलांडण्याचा आहे.

पण तेवढेच नत्र ठिबकमधून महागड्या विद्राव्य खताने दिले आणि एका पोत्याइतक्या नत्राला १,६०० रुपये पडले, तर चित्र पालटते. १,६०० भागिले १,६०० म्हणजे १. पाचातून एक गेला, राहिले चार, भागिले दोन. बरोबर दोन पोत्यांइतके नत्र पुरे. तिथे सर्वांत जास्त उताऱ्यामागे लागून अडीचपर्यंत गेलात, तर पाव क्विंटल मका जास्त पिकेल आणि ४०० रुपये कमी मिळतील.

आणखी एक गोष्ट. हंगामाच्या गर्दीत काही ठिकाणी युरियाबरोबर नको असलेली बाटली नाहीतर पुडी गळ्यात मारतात. पोत्यामागे २५० रुपयांची अशी वस्तू घ्यावी लागली, तर तुमचे पोते ४०० चे राहिले नाही, ६५० चे झाले. हिशेबात तोच आकडा घाला, म्हणजे खरा भुर्दंड दिसेल. अशी सक्ती कुणी करत असेल तर पक्की पावती मागा आणि पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे लेखी तक्रार करा.

आपल्या रानाची कमान आपणच काढा

काळ्या रानाची कमान वेगळी, मुरमाड रानाची वेगळी. म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेण्यापेक्षा एका हंगामात आपलाच काढावा. कृती अशी :

१. सारख्या मातीच्या जागी ४० फूट लांब, ४० फूट रुंद असे तीन तुकडे आखा. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका. जमल्यास असेच तीन तुकडे रानात दुसऱ्या ठिकाणीही घ्या, म्हणजे एका जागेच्या नशिबावर हिशेब राहणार नाही.

२. पहिल्या तुकड्याला युरिया नाही. दुसऱ्याला ३.३ किलो, म्हणजे एकरी दोन पोत्यांच्या मानाने. तिसऱ्याला ६.६ किलो, म्हणजे एकरी चार पोत्यांच्या मानाने. युरिया एकदम न टाकता पेरणीला, महिन्याने आणि तुरा येण्याच्या सुमारास, असा तीन हप्त्यांत द्या. "एक तुकडा फुकट जाईल की," असे वाटेल. पण तो तुकडा दीड गुंठ्याचा आहे. रान काय सांगते ते ऐकण्याची तेवढी फी समजा.

३. या तुकड्यांना स्फुरद सुपर फॉस्फेटमधून आणि पालाश म्युरेट ऑफ पोटॅशमधून द्या. डीएपीत १८ टक्के नत्र असते. ५० किलोच्या एका पोत्यात ९ किलो, म्हणजे जवळपास २० किलो युरियाइतके. १०:२६:२६ च्या पोत्यात ५ किलो. आपण युरियाची पोती मोजतो आणि हे नत्र विसरतो. एरवीही ते युरियातून वजा करायलाच हवे.

४. काढणीला प्रत्येक तुकड्याच्या कडेच्या ओळी सोडून मधला ३३ फूट बाय ३३ फूट भाग, म्हणजे नेमका एक गुंठा, वेगळा तोडा. कणसे मळून, दाणे सारखेच वाळवून वजन करा. गुंठ्याच्या किलोंना अडीचने भागले की एकरी क्विंटल मिळतात.

समजा तीन तुकडे २५, ४० आणि ३५ किलो भरले. म्हणजे एकरी १०, १६ आणि १४ क्विंटल. आता वही उघडा.

पहिली वाढ : १६ वजा १० = ६.
दुसरी वाढ : १४ वजा १६ = उणे २.
वाक : पहिल्या वाढीतून दुसरी वजा करा. ६ वजा उणे २ म्हणजे ८. त्याला ८ ने भागा. आला १.
चढ : पहिल्या वाढीत वाकाची चौपट मिळवा. ६ अधिक ४ म्हणजे १०. त्याला २ ने भागा. आला ५.
मात्रा : चढातून 'पोत्याचा खर्च भागिले निव्वळ भाव' वजा करा आणि वाकाच्या दुपटीने भागा. ५ वजा ०.२५, भागिले २. आले २.३७५ पोती.

मळणी झाल्यावर चहा पिता पिता होणारा हा हिशेब आहे.

दोन सावधगिऱ्या मात्र बाळगा. दुसरी वाढ पहिलीइतकीच किंवा तिच्याहून मोठी आली, तर कमान वाकलेलीच नाही. अशा वेळी सूत्र चालवू नका. वजन चुकले का, तुकड्यांना पाणी सारखे मिळाले का, ते तपासा. आणि कमान फक्त आपण तपासलेल्या मात्रांपुरतीच खरी. सात पोत्यांचा उतारा सूत्राने काढाल तर उणे चार क्विंटल येतो. उणे मका कुणी पाहिला आहे?

युरियाच्या सगळ्याच मात्रांना पीक खुरटलेलेच राहिले, तर अडचण नत्राची नाही. जस्त कमी असेल, स्फुरद नसेल, रोपांची संख्या विरळ असेल. जे सर्वांत कमी असते तेच उतारा अडवते, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांच्या नावाने ओळखला जातो. तेव्हा आधी माती परीक्षण. मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ पासून सुरू आहे. पत्रिका आली असेल तर ती देव्हाऱ्यामागे न ठेवता बी-खत घ्यायला जाताना खिशात ठेवा.

हे शास्त्र नवे नाही

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे १८४३ पासून एकाच रानात गव्हाचा खतप्रयोग चालू आहे. मित्शरलिख या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ साली घटत्या वाढीचा नियम गणितात मांडला. आपल्या देशात बी. राममूर्ती आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली सोनोरा-६४ या गव्हावर काम करून, माती परीक्षणाच्या आकड्यांवरून ठरावीक उताऱ्यासाठी किती खत द्यावे याची समीकरणे काढली. त्याच सुमारास सुरू झालेल्या अखिल भारतीय प्रकल्पाचे एक केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात आहे.

आणि वर्गसमीकरण तर आपल्या मातीला परके नाहीच. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. त्यातल्या 'बीजगणित' भागात वर्गसमीकरणे सोडवण्याची रीत आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. साडेआठशे वर्षांहून जुने हे गणित आपल्या खळ्यापर्यंत आले नाही, तर दोष गणिताचा नाही.

भाव ठरवतानाही हीच कमान

शेतकरी गट शहरात थेट विक्री करतात, तेव्हा भाव ठरवायचा प्रश्न येतो. समजा तुमच्या मालाला किलोमागे २० रुपये खर्च आहे. ३० रुपये भावाने दिवसाला २०० किलो खपतो आणि भाव एक रुपयाने वाढवला की खप पाच किलोने घटतो. ३० ला नफा २,००० रुपये. ४० ला खप १५० किलो, नफा ३,०००. ४५ ला खप १२५ किलो, नफा ३,१२५. ५० ला खप १०० किलो, नफा पुन्हा ३,०००. माथा ४५ रुपयांवर. सगळा माल खपवायचा म्हणून भाव पाडणारा आणि "माझा माल भारी" म्हणून ६० सांगणारा, दोघेही ३,१२५ पासून दूर आहेत. ६० ला खप ५० किलो आणि नफा २,०००, म्हणजे ३० एवढाच! चार बाजारांचा भाव आणि खप वहीत लिहिला की आपली कमान दिसू लागते. मात्र नाशवंत माल उरला तर तो वाया जातो, त्याचा खर्चही धरावा.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, सोसायटीचे सचिव आणि कृषी खात्यातील माझे सहकारी यांनी मनावर घेतले तर हे काम एका हंगामात उभे राहते. गावात काळे, मध्यम आणि हलके अशा तीन रानांत एकेक प्रयोग घ्यावा. काढणीच्या दिवशी गावासमोर वजन करावे. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावेत. शाळेच्या गणिताच्या गुरुजींना बोलावून दहावीच्या मुलांकडून कमान काढून घ्यावी. सोसायटीला गावाची युरियाची खरी गरज कळेल, हंगामाच्या तोंडावरची धावपळ कमी होईल आणि विहिरीचे पाणीही वाचेल.

बंधूंनो, पुढच्या पेरणीआधी एवढे तरी करा. दहा रुपयांची एक वही आणा. पहिल्या पानावर रानाचे नाव, पोत्याचा रानात पडेपर्यंतचा खर्च आणि क्विंटलमागे हातात येणारा निव्वळ भाव लिहा. मग तिसरे पोते फोडायचे की नाही, ते शेजाऱ्याला विचारावे लागणार नाही.